तीनशेची रेघ

विजेवर पाणी तापवणं म्हणजे उधळपट्टी, असं मी पन्नाशी ओलांडून गेल्यावरही मानत होतो. वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी तांब्याचा बंब होता. बंबफोड, शेणकुटं, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते त्यात जायचं आणि त्यावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या. ते पाणी फुकट, हा माझा पक्का समज. पहाटे उठून राख काढायला, बंब पेटवायला आणि डोळ्यांत धूर घ्यायला आई होती. तिचे कष्ट माझ्या हिशेबात कधी धरलेच गेले नाहीत.

नोकरीमुळे आम्ही साताऱ्याला स्थायिक झालो. पुढे आई इथल्या फ्लॅटवर राहायला आली. तिचं विसरणं वाढलं, एक-दोनदा शेगडीचं बटण चालूच राहिलं, तेव्हा आम्ही गॅस काढून टाकला. स्वयंपाक इंडक्शनवर, आंघोळ गीझरवर. घर पूर्ण विजेवर आणलं ते तिच्या सुरक्षेसाठी, आणि त्या विजेचा जाच सगळ्यात जास्त तिलाच झाला.

कारण माझ्या डोक्यात तीनशेची रेघ होती. महिन्याला ३०० युनिट ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि ते खरं धरून चाललो होतो. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर. आत कोण आहे हे न बघता मी ते बंद करायचो. सगळ्यांनी एका तापवणीत आंघोळ उरकायची, असा माझा नियम. आई शेवटी जायची. पुढे पुढे ती विसण घेईनाशी झाली. तिच्या वाट्याला येणारं पाणी मुळातच कोमट असायचं. न्हायचा दिवस ती पुढे ढकलायची. विचारलं तर म्हणायची, "आज गारठा आहे, परवा न्हाईन." अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी डिसेंबरात गारठा रोजच असतो. मला ते कळत होतं, तरी मी गप्प बसायचो.

मग एका डिसेंबरचं बिल ३१२ युनिटचं आलं. मी घर डोक्यावर घेतलं. मुलीने शांतपणे विचारलं, "बाबा, तीनशेच्या वर गेल्याने नेमके किती जास्त पडले?" मी म्हणालो, हजारभर तरी. ती म्हणाली, "मांडून दाखवा."

मी कागद घेतला तो तिला गप्प करायला. बिलावर दर छापलेले होते. २०२४-२५ सालचे महावितरणचे घरगुती दर असे: १०१ ते ३०० युनिटपर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. त्यावर दर युनिटला वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. पण वरचा दर फक्त वरच्या युनिटना होता. पहिली शंभर त्यांच्या दराने, पुढची दोनशे त्यांच्या दराने, आणि चौदा-पंचावन्नचा दर लागला होता तो फक्त शेवटच्या १२ युनिटना. रेघ ओलांडल्याचा भुर्दंड निघाला ५९ रुपये. मी पुन्हा मांडलं. तेवढेच आले.

उभं आयुष्य मी हिशेबाच्या टेबलावर काढलं. दुसऱ्याच्या व्हाउचरमधली एका रुपयाची चूक मी सोडली नाही, आणि स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं ऐकीव गोष्टीवर कारभार केला. का? याचं उत्तर मला स्वतःला देताना जड गेलं. बिलाची भीती मला सोयीची होती. तिच्या जोरावर घरात माझा शब्द चालायचा. काटकसर माझी होती, पण ती मी आईच्या अंगावर केली.

कागद पुढ्यात होताच, म्हणून आंघोळीचाही हिशेब मांडला. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी उष्णता. २० अंशांचं २० लिटर पाणी ४२ अंशांवर न्यायला ४४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे अर्ध्या युनिटहून किंचित जास्त. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट वहन आकार आणि शुल्कासह सव्वातेरा रुपयांना पडत होतं, म्हणजे आईची एक आंघोळ सात रुपयांची. आणि मी? रात्री वाचताना पायांशी दोन हजार वॅटचा रूम हीटर लावून बसत होतो. तासाला दोन युनिट. आईच्या चार आंघोळींची वीज मी एका तासात पाय शेकायला वापरत होतो, आणि त्याबद्दल मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

खर्च खोटा आहे, असं मी म्हणत नाही. चौघांच्या आंघोळी धरल्या तर महिन्याला साठेक युनिट जातातच. पण ते वाचवायचे मार्ग वेगळे आहेत. गीझर तासन्‌तास चालू ठेवला तर पाणी न वापरताही त्याची उष्णता झिरपत राहते. आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटं लावला की पंधरा लिटरच्या टाकीला पुरतं. साठ अंशांऐवजी पन्नासवर ठेवला तरी भागतं. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार चढतात, ते वेळच्या वेळी काढून घ्यावेत. सकाळी घरोघरी गीझर एकदम लागतात तेव्हा राज्याची मागणी चढते. आमच्याच जिल्ह्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर चालणारे वीजसंच मुख्यतः अशा चढत्या मागणीच्या वेळी कामी येतात. ही गर्दी टाळण्यात फायदाही आहे: टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे मीटर असलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. आई आता दहाला आंघोळ करते, कढत पाण्यात स्वतःच्या हाताने विसण घालून. तिची माफी मागायला मला या हिशेबाहून जास्त वेळ लागला.

तुमच्याही घरात अशी एखादी रेघ असेल, तर बिलावरचा दरांचा तक्ता एकदा स्वतः वाचा. कागदावर मांडून बघा. आणि कपात करावीच लागली, तर ती आधी स्वतःच्या वापरात करा. म्हाताऱ्या माणसाच्या बादलीला हात लावू नका.