बुलेटचा कॅम

रिठद हे रिसोड तालुक्यातलं गाव. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवरची ही जमीन, सोयाबीन आणि तुरीची. इंजिनाला हवा कमी पडते अशी तक्रार इथं क्वचितच येते, आणि आलीच तर एअर फिल्टर धुळीनं चोंदलेला निघतो. त्यामुळे मे 2024 मध्ये माझ्या भाच्यानं खर्दुंग ला चढायचा म्हणून कॅम बदलायचं काढलं, तेव्हा तीस वर्षं पाने फिरवलेल्या मलाही थोडं थांबून विचार करावा लागला.

गाडी त्याच्या वडिलांची. 1996 सालची साडेतीनशेची बुलेट, बिडाच्या इंजिनाची. दुल्हेभाई गेले तेव्हा घरात विकण्यासारखी तेवढीच एक वस्तू होती, आणि आपानं नेमकी तीच विकली नाही. सहा वर्षं ती माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली उभी होती. जुम्म्याच्या नमाजला जाण्याआधी मी तिला किक मारून पाच मिनिटं चालवायचो. आता पोरगा नोकरीला लागला होता आणि बकरीद झाली की मित्रांबरोबर लेहला निघणार होता. आपा मला एवढंच म्हणाली, "भय्या, गाडी बीच रस्ते में छोड़ना नै उसको."

पोरगा एक डबा घेऊन आला. आत जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणाऱ्या कॅमांची जोडी. (जुन्या बुलेटला इनलेटचा कॅम वेगळा आणि एक्झॉस्टचा वेगळा असतो.) पहिल्या पगारातून घेतलेली. ती हातात धरून तो म्हणाला, "मामू, ऊपर हवा पतली रहती ना? फिर वॉल ज्यादा देर खुला नको क्या?"

प्रश्न चांगला होता. बहुतेकांना तो असाच पडतो.

कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा. तो फिरता फिरता व्हॉल्व्ह उचलतो आणि सोडतो, एवढंच त्याचं काम. युक्ती फार जुनी आहे. दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझरीनं 1206 साली पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात एक नाव आहे. तिच्यात बाहुल्यांचे वाजंत्री बसलेले, आणि फिरत्या दांड्यावरच्या खुंट्या तरफा दाबून त्यांच्याकडून वाद्यं वाजवून घेतात. खुंट्या जशा ठोकल्या तशीच वाद्यं वाजणार. कॅमचंही तसंच असतं. कार्बोरेटरचा जेट रस्त्याच्या कडेला बसून बदलता येतो, पण कॅमचा उंचवटा ज्यानं घासून बनवला त्यानं तुमच्या इंजिनाचा स्वभाव एकदाच ठरवून टाकलेला असतो.

आता हवा कशी शिरते ते पाहू. पिस्टन खाली येतो तेव्हा इनलेट उघडा असतो. पिस्टन तळाला जाऊन वर वळला तरी इनलेट लगेच मिटत नाही, थोडा उशिरा मिटतो. इंजिन जोरात फिरत असेल तर येणाऱ्या हवेला वेग असतो, ती त्या जादा वेळातही आत घुसत राहते. मोठ्या कॅमचा सगळा फायदा इथं आहे. पण इंजिन हळू फिरत असेल तर हवेत तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत आलेल्यातलीच काही हवा उलट बाहेर ढकलतो. मग दाब कमी, ओढ कमी, आणि स्लोवर उभी गाडी ठेचकाळत राहते.

लेह 3,500 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असतो आणि खर्दुंग लाच्या माथ्यावर तो जवळपास निम्म्यावर येतो. (त्या घाटावरची पाटी वर्षानुवर्षं 18,380 फूट सांगत आली. नीट मोजल्यावर उंची 17,582 फूट भरली. बुलेटला दोन्ही सारखेच.) व्हॉल्व्ह कितीही वेळ उघडा ठेवला तरी बाहेरचा दाब वाढत नाही. आधीच निम्मा घास आलेला, त्यातला काही मोठा कॅम परत ओकायला लावणार. आणि घाटात बुलेट जोरात फिरतच नाही. पहिल्या गिअरमध्ये, दगडांतून, बर्फाच्या पाण्यातून रांगत असते. तिथं खालची ओढ हवी.

मी त्याला म्हणालो, "बेटा, हवाच नै तो दरवाजा खुला रख के क्या करेगा? जो आयी, उसको जल्दी बंद कर."

लेहमध्येच राहणारी गाडी असती तर मी खरोखर उलटं केलं असतं. कमी वेळ उघडणारा, लवकर मिटणारा कॅम आणि थोडं चढं कॉम्प्रेशन. पातळ हवेत इंजिन सहसा ठोकत नाही, म्हणून ते परवडतं. पण तेच इंजिन इकडे 44 डिग्रीत वाशीमच्या रस्त्यावर आणलं की पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी फटकन पेटतं आणि डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज सुरू होतो. पोरगा वर राहणार दहा दिवस, बाकीचं वर्ष इथं. म्हणून कंपनीचा कॅमच ठेवायचा, असं मी ठरवलं. पोराचं तोंड उतरलं. त्याला बापाच्या गाडीत स्वतःचं काहीतरी घालायचं होतं, हे मला कळत होतं.

मग त्याच्याच हातून काम करवून घेतलं. टायमिंगचं झाकण काढलं, गिअरवरच्या खुणा जुळवून दाखवल्या. थंड इंजिनावर पुश रॉड बोटांनी मोकळा फिरेल पण वरखाली हलणार नाही, इतकंच टॅपेट कसं ठेवायचं, ते त्याच्याकडून चारदा करवलं. वर हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणून प्लग काळा पडतो. त्यासाठी लहान मेन जेट पुडीत बांधून दिला. पुडीवर लिहिलं, "मनालीला परत उतरल्यावर जुना लाव." लहान जेटनं खाली जोरात पळवली तर पेट्रोल कमी पडून पिस्टन धरतो. चढताना हे सगळ्यांच्या लक्षात असतं, उतरताना लोक विसरतात.

लेहहून त्याचा फोन आला. "मामू, बहोत धीरे चढ़ी. लेकिन चढ़ी." आपाला मी फक्त दुसरं वाक्य सांगितलं.

गाडी परत आली त्या दिवशी मी आधी प्लग काढून पाहिला. विटकरी होता, म्हणजे पुडीवरचं त्यानं वाचलं होतं. पुश रॉड बोटांनी फिरवून पाहिले, तेही बरोबर होते.

कॅमांची ती जोडी अजून माझ्याकडे आहे, ग्रीस लावून डब्यात ठेवलेली. मध्यंतरी वाशीमचा एक पोरगा ती विकत मागायला आला. मी विचारलं, गाडी कुठं चालवतोस? "बाजारात न् कॉलेजला," म्हणाला. मी डबा काढलाच नाही.