नावे झाकलेल्या बाटल्या

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून कविता ठेवल्या आणि त्यांनी लिहिलेली टिपणे १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात अभ्यासली, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. नाव दिसेनासे झाले की भलेभले वाचक कसे चाचपडू लागतात, हेही सांगतो. तो प्रयोग स्वतःवर करून पाहण्याचे मात्र बहुधा राहून जाते. आम्ही दोघांनी तो करून पाहिला. कवितेवर नव्हे, वाइनवर, आणि तोही आटपाडीत.

आटपाडी आणि वाइन ही जोडी ऐकून कोणाला हसू आले तर नवल नाही. माणदेशाची ओळख दुष्काळ, डाळिंब, खिलार जनावरे आणि माडगूळकर बंधू व शंकरराव खरात यांचे साहित्य अशी आहे. तरीही नकाशा उघडून पाहावा. दक्षिणेला तासगाव, म्हणजे बेदाण्याची पेठ आणि 'तास-ए-गणेश' या द्राक्षवाणाचे जन्मस्थान. त्यापलीकडे पलूस; २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर तेथे वाइन पार्क उभारले गेले, पण नाशिकची सर त्याला आली नाही. आणि दिघंची ओलांडून उत्तरेला निघाले की माळशिरस तालुका, अकलूज, 'फ्रातेल्ली'चे मळे. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतील भावांनी या शतकाच्या पहिल्या दशकात तो उद्योग उभा केला. आमच्यासारखेच ऊन सोसलेली द्राक्षे आहेत ती.

येथे एक गोष्ट आधीच सांगणे भाग आहे. दुष्काळी मुलखात दारू हा चवीचा विषय नसतो, संसाराचा असतो. जेथे गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना 'उभी बाटली की आडवी बाटली' असे मतदान करावे लागते, तेथे प्राध्यापकांनी मद्याची शिफारस करणे अनेकांना रुचणार नाही, आणि ते न रुचणे आम्हाला समजते. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस मान्यता दिली, तेव्हा वाइन ही दारूच नव्हे असा युक्तिवाद पुष्कळ ऐकू आला. आम्हाला तो पटला नाही. शेकडा बारा-तेरा मद्यार्क असलेले पेय मद्यच होय. जे घेत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करू नये. विद्यार्थ्यांनी तर तो रिचर्ड्सपुरताच वाचावा. जे कधीमधी घेतात, आणि दुकानात उभे राहून किमतीवरून चव ठरवतात, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

सहा बाटल्या आणल्या. पाच हजार रुपयांच्या आतल्या किंवा आसपासच्या, एक त्याच्या दुपटीहून महाग. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका निर्व्यसनी सहकाऱ्यांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि क, ख, ग अशी अक्षरे घातली. थुंकण्यासाठी एक पातेले ठेवले. टिपणे एकमेकांना न दाखवता लिहायची, आणि त्यांत एकही इंग्रजी विशेषण वापरायचे नाही, असे दोन नियम केले.

दुसरा नियम पाळणे अधिक अवघड गेले. वाइनवरचे बहुतेक लेखन युरोपच्या बागेतील फळांची नावे घेते. जी फळे आपण कधी खाल्लीच नाहीत, त्यांचा वास आपल्याला आला असे लिहिणे म्हणजे न वाचलेल्या ग्रंथाचा हवाला देण्यासारखे आहे. इंग्रजी काढून घेतल्यावर जीभ घरी आली. ज्याला टॅनिन म्हणतात, तो डाळिंबाच्या दाण्यांमधला पिवळसर पापुद्रा चुकून चावला की जाणवणारा तुरटपणा, हिरड्या आवळणारा. शास्त्रकारांच्या षड्रसांत त्याला कषाय असे नाव आहे. (त्याच यादीतील 'कटु' म्हणजे आपले तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपले कडू, हे विद्यार्थी हमखास उलटे लिहितात.) रसचर्चेत येणारा पानकरसाचा दाखलाही येथे आठवला. गूळ, मिरे वगैरे एकत्र येऊन पानकाची जी चव होते ती त्यांपैकी कोणा एकाची नसते. इतकी वर्षे हे शिकवले, पण त्याचा अर्थ पेला हातात असताना अधिक उमगला. घटक ओळखता येणे ही रसिकतेची पहिलीच पायरी आहे, आणि वाइनचे पुष्कळसे परीक्षण तेथेच थांबते. आपली पुस्तकपरीक्षणेही.

झाकलेल्या बाटल्यांनी मोठमोठे निवाडे उलटवले आहेत. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइन नावे लपवून चाखायला दिल्या. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत कॅलिफोर्निया पहिली आली. याच स्परियर यांनी पुढे फ्रातेल्लीचे वाइनकार प्येरो मासी यांच्याबरोबर 'एम/एस' या वाइन घडवल्या. पॅरिसचा तो माणूस अकलूजच्या द्राक्षांपर्यंत आला, याचे आम्हाला उगाचच अप्रूप वाटते.

आता निकाल. आमच्यापैकी एकाच्या यादीत फ्रातेल्लीची सान्जोवेझे पहिली. ही इटलीतील तोस्काना प्रांताची लाल जात. तिच्याविषयीचे टिपण असे : 'करवंदाचा आंबटपणा, मागाहून डाळिंबाचा पापुद्रा, शेवटी जीभ स्वच्छ.' दुसऱ्याने पहिला क्रमांक सुलाच्या शेनिन ब्लांला दिला : 'पिकत आलेला पेरू, कणभर मध.' यावर बराच वाद झाला, आणि तो अद्याप मिटलेला नाही. फ्रातेल्लीची शेनिन ब्लां अधिक कोरडी. वाइनच्या बोलीत कोरडी म्हणजे गोडवा नसलेली. आमच्याकडे हा शब्द विहिरीला लागतो. सुलाच्या कॅबर्ने शिराझमध्ये जांभूळ आणि मिरे दोघांनाही स्वतंत्रपणे सापडले, म्हणून तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा. या चारही बाटल्यांची आम्ही शिफारस करतो. दुपटीची बाटली दोघांच्याही यादीत पाचवी आली. ओकच्या पिंपाचा वास तिच्यात इतका होता की एका टिपणात केवळ 'सुताराचे दुकान' एवढेच लिहिलेले सापडले. कागद काढल्यावर मात्र ती एकाएकी बरी लागू लागली, ही नोंद रिचर्ड्सना आवडली असती. सहावीविषयी न लिहिणे बरे.

जेवणाशी जुळणी हा निराळा प्रश्न. मिरचीच्या खर्ड्यावर तुरट लाल वाइन घेतली तर तोंडात आग भडकते. तेथे किंचित गोडसर, थंडगार शेनिनच हवी. सान्जोवेझे बेताच्या तिखटाच्या मटणाबरोबर आणि बाजरीच्या भाकरीबरोबर उत्तम. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असे पुस्तके सांगतात. ती खोली थंड देशातील, सोळा-अठरा अंशांची. चैत्रातल्या आटपाडीत खोलीचे तापमान म्हणजे वाइनचा काढाच. लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. वीज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला.

हजार रुपयांना 'माफक' म्हणताना आम्ही अडखळलो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसमोर हा शब्द उच्चारवत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत पाच पेले होतात. चौघांनी वर्गणी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशेच्या आत येते आणि पाचवा पेला वादासाठी उरतो. वाद लांबला तरी हरकत नाही. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास उघडलेली बाटली दोन-तीन दिवस बरी राहते.