नवी आवृत्ती काढा, पण जुनी उचलून नेऊ नका

ज्यांनी कधीकाळी तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' खेळलाय, त्यांना ही पोस्ट लगेच कळेल. बाकीच्यांनीही वाचा, कारण मुद्दा गेमपुरता नाही.

'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतले तीन गेम: 'जीटीए थ्री' 2001 चा, 'व्हाइस सिटी' 2002 चा, 'सॅन अँड्रियास' 2004 चा. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या कॅफेतही यातला एखादा असायचाच. इंग्रजी संवाद निम्मे डोक्यावरून जायचे. मिशन पुरं करायची घाई कुणालाच नसायची. गाडी पळवायची, रेडिओ लावायचा आणि समुद्रकाठच्या रस्त्याने सुटायचं. चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले. ज्या पोरांनी मुंबईचा समुद्रही पाहिला नव्हता, त्यांना व्हाइस सिटीतले गल्लीबोळ पाठ होते.

11 नोव्हेंबर 2021 ला रॉकस्टार कंपनीने या तिन्हींचा एकत्र संच बाजारात आणला. नाव 'डेफिनिटिव्ह एडिशन'. म्हणजे प्रमाण आवृत्ती, यापुढे हीच खरी. किंमत 60 डॉलर. काम दिलं होतं ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स नावाच्या स्टुडिओला.

पुढे जे झालं ते जगजाहीर आहे. ओळखीची पात्रं मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसायला लागली. पाऊस म्हणजे कॅमेऱ्यासमोर सोडलेले पांढरे दोरे, त्यात रस्ता दिसेना. दुकानांच्या पाट्या यंत्राकडून मोठ्या करून घेतल्या होत्या, त्यामुळे काही पाट्यांवरचं स्पेलिंगच बदललं. मूळ गेममध्ये एका डोनटच्या दुकानावर भलामोठा नट होता, नट-बोल्टमधला, षटकोनी. दुकानाच्या नावावरची ती कोटी होती. नव्या आवृत्तीत त्याच्या कडा घासून तो गोल केला. कोटी गेली, नुसतं वेटोळं उरलं. रेडिओवरची काही गाणीही गायब. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' नसलेला व्हाइस सिटी ही कल्पनाच करवत नाही. गाण्यांच्या परवान्याची मुदत संपते हे समजू शकतं, पण मग त्याला प्रमाण आवृत्ती कशाला म्हणायचं?

मला सगळ्यात जास्त लागलं ते धुक्याचं. 'सॅन अँड्रियास'मध्ये लांबचं काही दिसायचं नाही, सगळं धूसर. तेव्हाच्या यंत्रांची ताकद कमी, म्हणून केलेली ती सोय होती. पण त्या धुक्यामुळेच तीन शहरं, वाळवंट, डोंगर असलेलं ते राज्य अफाट वाटायचं. नव्या आवृत्तीत धुकं काढून टाकलं. आता डोंगरावर उभं राहिलं की अख्खं राज्य एखाद्या सोसायटीच्या गार्डनएवढं दिसतं. काय दाखवायचं नाही हे मूळ कारागिरांना कळत होतं. दुरुस्ती करणाऱ्यांना ते धुकं म्हणजे फक्त खराबी वाटली.

टीका इतकी झाली की आठवड्याभरात कंपनीने माफी मागितली. हा संच आमच्या स्वतःच्या दर्जाला उतरलेला नाही, असं कबूल केलं. पुढे दुरुस्त्या येत राहिल्या. 2024 च्या नोव्हेंबरमधल्या अपडेटमध्ये जुन्यासारखा प्रकाश आणि आकाशाचा रंग परत आणायची सोय दिली. तीन वर्षं लागली, पण केलं, हे मान्य करायला हवं.

वाईट आवृत्त्या निघतच असतात, तेवढ्यासाठी मी एवढं लिहिलं नसतं. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नवा संच यायच्या आधीच कंपनीने जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडे राहिले, नव्या माणसाला मात्र मूळ वस्तू विकत घेण्याचा रस्ताच बंद. बोंबाबोंब झाल्यावर पीसीसाठी जुने गेम कंपनीने स्वतःच्या दुकानात परत ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, जुन्या दोन गेमचा कोड हौसेने नव्याने उभा करणाऱ्या काही चाहत्यांवर मूळ मालक कंपनी टेक-टूने अमेरिकेत खटलाही भरला होता.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: त्यांची मालमत्ता आहे, ते काहीही करतील. कायद्याने बरोबरही असेल. पण जरा आपल्याकडचं उदाहरण घ्या. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. मधल्या तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते, ते तपासून त्यांनी ग्रंथ साफ केला. हे कशामुळे जमलं? जुन्या पोथ्या कुणी ना कुणी जपून ठेवल्या होत्या म्हणून. नवी प्रत चांगली की वाईट हे ठरवायलाही जुनी हातात लागते. जुनीच उचलून नेली तर पुढच्या पिढीला तो नट षटकोनी होता हे कळणार कसं? त्यांना वाटेल, गेम असाच होता, आणि आमची पिढी उगाच कौतुक करत होती.

हे एका कंपनीपुरतंही नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये अभ्यास केला, त्यात आढळलं की 2010 पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आता बाजारात विकत मिळत नाहीत. जिथे हा धंदा वाढला तिथली ही गत.

पुस्तकांसाठी आपल्याकडे 1954 चा कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची. त्यातलं एक मुंबईत आहे. प्रकाशक उद्या बुडाला, लेखकाचं मन बदललं, तरी प्रत कुठेतरी राहावी, एवढाच साधा विचार त्यामागे. तो कायदा पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचा आहे, गेम त्यात येत नाहीत. भारतात आज गेम बनवणारी पोरं आहेत, पुण्यात आहेत, मुंबईत आहेत. त्यांचं काम वीस वर्षांनी कुठे बघायला मिळेल?

माझी मागणी फार नाही. धंदा करा, नवी आवृत्ती काढा, हवे तेवढे पैसे लावा. पण जुनी विक्रीला ठेवा, आणि ती ठेवायची नसेल तर एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करा. सध्याचा 1954 चा कायदा वाढवून हे करता येईल का, यावर कायद्यातल्या जाणकारांनी कमेंटमध्ये जरूर लिहावं. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या सीडी पडल्या असतील, त्यांनी येत्या दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याला देऊ नयेत.