दोन हजारांपाशी उतरणारी रेघ

आमच्या वेळी आयआरचा वर्णपट डोळ्यांआधी हातांना कळायचा. पोटॅशियम ब्रोमाइड ओव्हनमध्ये वाळवायचं, चिमूटभर संयुग घालून अगेटच्या खलात घोटत बसायचं आणि हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून त्याची पारदर्शक चकती करायची. तिला सगळे पेलेट म्हणत. पावसाळ्यात पेलेट हमखास धुरकट व्हायची. ब्रोमाइड हवेतला ओलावा ओढून घेई, ३४०० प्रति सेंटिमीटरपाशी पाण्याचा रुंद पट्टा उमटे, की पुन्हा घोटणं आलं. पेलेट जमली की चार्ट पेपरवर पेन सरकायला लागे, ४००० पासून ४०० पर्यंत, अगदी सावकाश. रेघ खाली झुकायला लागली की आमचं बोलणं आपोआप थांबायचं.

ही वाट बघण्यातली सगळ्यात मोठी गंमत धातूंच्या कार्बोनिलांची. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचं कंपन २१४३ ला. तोच रेणू क्रोमियमला बांधला, हेक्झाकार्बोनिल झालं, की पट्टा २००० च्या आसपास उतरतो. धातूचे डी-इलेक्ट्रॉन कार्बोनिलच्या अँटीबाँडिंग ऑर्बिटलमध्ये शिरतात, कार्बन-ऑक्सिजन बंध सैल पडतो आणि कंपन मंदावतं. क्रोमियमच्या जागी ऋणभारित व्हॅनॅडियम आणा, पट्टा १८६० पर्यंत घसरतो. धनभारित मँगनीज आणा, २०९० पर्यंत चढतो. तिन्हींत इलेक्ट्रॉन तेवढेच, फक्त धातूचा हात कुठे सैल, कुठे आखडलेला. इलेक्ट्रॉन कुणाला दिसत नाहीत, पण त्यांची देवघेव बंधाच्या थरथरीत अशी वाचता येते. अकार्बनी रसायनशास्त्रात मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

मॉलिब्डेनमच्या टेट्राकार्बोनिलचं गणितही कागदावरच व्हायचं. कॅरॅक्टर टेबल मांडायचं, कोणती कंपनं आयआरमध्ये दिसतील ते काढायचं. सिस रूपाला कार्बोनिलचे चार पट्टे, ट्रान्सला एक. चार्टवर चार दऱ्या मोजल्या की रचना ठरली! रंगांच्या हिशेबाला तानाबे आणि सुगानो यांचे १९५४ चे आलेख. झेरॉक्सवर पट्टी ठेवून आम्ही गुणोत्तरं मोजत असू.

आता एटीआरच्या हिऱ्यावर चिमूटभर भुकटी ठेवतात, वरून दाब देतात आणि मिनिटाच्या आत वर्णपट पडद्यावर. ना ब्रोमाइड, ना घोटणं, ना पावसाळ्याची धास्ती. कंपनांचं गणित लॅपटॉप करतो आणि कोणता अणू कुठे हलतो ते हलत्या चित्रात दाखवतो. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो. जे आम्ही फळ्यावर बाण काढून कल्पनेत पाहिलं, ते समोर डोलत होतं. यामागचा घनता फलन सिद्धांत १९६४-६५ चा, वॉल्टर कोन यांना त्यासाठी नोबेल मिळालं १९९८ ला. संगणक स्वस्त झाल्यावर तो विद्यार्थ्यांच्या टेबलावर आला.

पण अशाच धातूंच्या ऑक्साइडांनी त्या सिद्धांताचा सगळ्यात जास्त कस पाहिला. कोबाल्ट ऑक्साइड वीज वाहून नेत नाही, तरी त्याचा साधा हिशेब केला तर उत्तर धातूचं येतं. निकेल ऑक्साइडची सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची गॅप त्याच हिशेबात फारच लहान निघते. डी-कक्षकांतले इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत राहतात आणि हे टाळणं साध्या सूत्रात नीट बसत नाही. म्हणून हबर्ड यांच्या नावाची ‘यू’ ही दुरुस्ती जोडावी लागते, आणि ‘यू’ किती घ्यायचा हे ठरवायला धातूची ओळख लागते. आमच्या पिढीला ती ओळख पेनची रेघ बघत उभं राहून झाली.

एमएस्सीच्या मुलामुलींनो, वेग तुमच्या हाताशी आहे, तो मनसोक्त वापरा. फक्त संगणकाला काम देण्याआधी एकदा कागद घ्या, सिस आणि ट्रान्स टेट्राकार्बोनिलचे पट्टे स्वतः मोजा आणि मग पडद्यावरचं उत्तर ताडून बघा.