लोखंडी चौकट

सौसरच्या घराला लोखंडी चौकटी बसवायचं ठरलं, तेव्हा आई गप्पच झाली. जुन्या सागवानी चौकटीला उधई लागली होती, हे तिलाही दिसत होतं. ऑर्डर द्यायला पांढुर्ण्याला गेलो. वेल्डर म्हणाला, "भिंतीची जाडी प्लास्टर धरून सांगा. अन् दार उजवं की डावं?" मी नुसत्या विटांचं माप नेलं होतं! दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून चांगलं इंचभर होतं. पत्रा १६ गेजचा घेतला, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज स्वस्त, पण पातळ. बसवताना पोकळीत सिमेंटचा माल भरायचा, नाहीतर चौकट डब्यासारखी वाजते.

घरी आल्यावर आई बोलली, "लोखंडात खिळा कसा ठोकू? दसऱ्याचं तोरण कुठं बांधू?"

वेल्डरला फोन केला. त्यानं वरच्या पट्टीला दोन कड्या जोडून दिल्या. पैसे घेतले नाहीत.