पाच धावा

वलगावात आमची दोन घरे, मधे भिंत. तिच्या हातभर जागेवरून बाबा आणि काका अकरा वर्षे बोलत नव्हते.

२० डिसेंबर २०१७ ला गाडगेबाबांची पुण्यतिथी होती. (१९५६ साली त्यांनी देह ठेवला तो इथेच, पेढीकाठी.) त्याच दिवशी कलकत्त्यास, रणजीच्या उपांत्य सामन्यात, १९८ धावा हव्या असलेल्या कर्नाटकाचे ७ बाद १११ झाले. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळतो आहे. अंतिम सामना कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो. बाबा तुरीच्या शेंगा सोलीत होते. गुरबानीने विनयकुमारला, मग मिथुनला बाद केले, तरी धावा १९२ झाल्याच! बाबांचे हात थांबले.

भिंतीवरून टोपी डोकावली.

"किती पायजेत?"

मी गप्प. बाबाच म्हणाले, "सहा. अन् एकच गडी हाये."

गुरबानीनेच तो शेवटचा गडी टिपला. पाच धावांनी विजय!

बाबांनी शेंगांची टोपली उचलून भिंतीवर ठेवली. "घे, कोवळ्या हायेत."

१ जानेवारी २०१८ ला इंदुरात दिल्ली हरली, करंडक आला. तेव्हा काका आमच्याच ओट्यावर होते.

भिंत मात्र अजून आहे.