पोरकं कुणी केलं?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची जुनी गादी ओढली, की कधी कधी तिच्या कापसातून पाच-सहा गुलाबी, केसही न फुटलेली, डोळे मिटलेली पिल्लं उघडी पडतात. पावसाळ्याआधी रस्त्याकडेची झाडं छाटताना फांदीबरोबर खारीचं घरटं खाली येतं. भातकापणीनंतर बांध नीट करताना शेतउंदरांची बिळं फुटतात. अशा वेळी आई पळालेली असते, नाहीतर मेलेली. मग कुणीतरी, बहुधा घरातलं लहान मूल, विचारतं की आता यांचं काय करायचं. मोठ्यांकडे दोन उत्तरं तयार असतात : केरात टाका, किंवा ठेवा कुठेतरी बाहेर, निसर्ग बघून घेईल. दोन्ही उत्तरांच्या मुळाशी समजूत एकच आहे, की उंदरासारख्या जिवाबद्दल माणसावर कसली जबाबदारी येऊच शकत नाही. ही समजूत मला चुकीची वाटते. जबाबदारी त्या प्राण्याच्या जातीवरून ठरत नसते, आपल्या हातून काय घडलं यावरून ठरते. पिल्लू आपल्यामुळे पोरकं झालं असेल, तर त्याचं पुढे काय होतं हा प्रश्नही आपलाच आहे.

यावर पहिला आक्षेप निसर्गाच्या नावाने घेतला जातो. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सात पिल्लं देते आणि वर्षातून कितीतरी वेळा विते. त्यातली बहुतेक पिल्लं वर्षही पुरं करत नाहीत. गव्हाणी घुबड, धामण, मुंगूस यांचं पोट त्यांच्यावरच चालतं. मग दोन-चार पिल्लं वाचवून काय साधणार? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे आणि म्हणूनच रानातलं प्रत्येक पिल्लू उचलून आणा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. घुबडाने उंदरीण उचलली तर तिथे आपलं काहीच देणं लागत नाही. पण गादीतून निघालेलं पिल्लू घुबडाच्या पोटात जात नाही. ते फिनाईलच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या गाडीत जातं. त्या मरणाने कुणाची भूक भागत नाही आणि उंदरांची संख्याही कमी होत नाही. त्याला निसर्गाचं नाव देणं म्हणजे आपण केलेल्या कामाची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडणं.

दुसरा प्रश्न असा, की एवढ्याशा जिवाला काही कळतं तरी का. इथे अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. उंदराचं पिल्लू घरट्याबाहेर पडून गारठलं की सतत ओरडतं, आणि आई त्या आवाजाच्या रोखाने येऊन त्याला तोंडात धरून परत नेते. आपल्याला ते ओरडणं ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झच्या पुढे चालत नाही आणि पिल्लाचा आवाज त्याच्या कितीतरी वरचा असतो. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात २००६ साली झालेल्या प्रयोगांत, सोबतचा उंदीर वेदनेत दिसला की पाहणाऱ्या उंदराची वेदनेवरची प्रतिक्रियाही तीव्र होते, असं आढळलं. २०१० मध्ये तिथल्याच संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून, म्हणजे आक्रसलेले डोळे, फुगलेलं नाक-गाल, कान आणि मिशा यांवरून, त्याची वेदना मोजण्याची पट्टी तयार केली. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या मोठ्या उंदरांनी नळीत कोंडलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवलं. शेजारी चॉकलेट ठेवलं होतं, तरीही. वेदनेच्या औषधांपासून मनोविकारांपर्यंत सगळ्या संशोधनात आपण या प्राण्याला आपल्या जागी उभं करतो, ते त्याचं शरीर आणि मेंदू आपल्याशी जुळतात म्हणूनच. प्रयोगशाळेत मान्य असलेलं हे साम्य माळ्यावर नाकारता येत नाही.

पण जबाबदारी मान्य केली म्हणजे कळवळा आला, एवढ्याने भागत नाही. अशी पिल्लं उपासमारीइतकीच चुकीच्या मायेनेही दगावतात. पिल्लू सापडलं की पहिली धाव दुधाकडे जाते, आणि तिथेच घात होतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही आणि गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. म्हणून आधी ऊब, मग अन्न. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली त्या घटकेला दुधापेक्षा मोलाची असते. दूध पाजायचं तेही थेंबाथेंबाने, कारण घाईत ते नाकातून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. उंदराच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा चरबी आणि प्रथिनं कितीतरी जास्त असतात, त्यामुळे गाईचं दूध पुरत नाही. जाणकार मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर सुचवतात. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने हलकेच पुसून लघवी करवावी लागते, कारण एरवी ते काम आई चाटून करते. सुरुवातीला हे सगळं दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि खारीच्या बाबतीत तर उत्तम शुश्रूषा म्हणजे पिल्लू घरी न आणणं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खोटा आहे. धडधाकट पिल्लं उघड्या खोक्यात ऊब देऊन त्याच झाडाशी ठेवावीत, मांजर-कावळ्यांवर लांबून नजर ठेवावी. दिवसाउजेडी आई बहुधा येते आणि एकेक करून त्यांना दुसऱ्या घरट्यात नेते. ती आलीच नाही, तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

रोगाची भीती हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि महाराष्ट्राला तो पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरवला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत बळी घेतले, आणि तो जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरतो. त्यामुळे पिल्लू लहान आहे म्हणून निर्धोक आहे, असं मानू नये. हातमोजे, साबणाने हात धुणं, स्वयंपाकघरापासून लांब जागा, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना दूर ठेवणं, चावल्यास डॉक्टरांकडे जाणं, ही पथ्यं पाळावीतच. ज्याला ती जमणार नाहीत, त्याने पिल्लू पशुवैद्याकडे द्यावं. मात्र या भीतीतून निष्कर्ष निघतो तो काळजी घेण्याचा, क्रूर होण्याचा नाही.

राहिला दुटप्पीपणाचा आरोप : एका हाताने सापळा लावायचा आणि दुसऱ्या हाताने पिल्लाला दूध पाजायचं? धान्याच्या कोठारात उंदरांना आवर घालावाच लागेल, हे मी नाकारत नाही. पण आवर घालणं आणि हाल करणं यांत फरक आहे, आणि तो कायद्यानेही मानला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदरांना उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात टाकलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. ते होतं तेव्हाही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातली प्राण्याची व्याख्या माणसाखेरीज प्रत्येक सजीव अशीच होती. चिकट पट्टीवर उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडतो. इंग्लंडने २०२२ मध्ये त्या पट्टीविरुद्ध कायदा केला. रक्त गोठू न देणाऱ्या विषाने उंदीर काही दिवसांत आतून रक्तस्राव होऊन मरतो, आणि त्याला खाणाऱ्या घुबडालाही ते विष बाधतं. शुश्रूषा करणाऱ्यालाही प्रत्येक वेळी मरण टाळता येत नाही. वाचण्याची आशा नसलेल्या पिल्लाला पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देणं हाही त्याच कामाचा भाग आहे. घरातला उंदीर हाताने वाढवून दूरच्या रानात सोडणं ही दया नव्हे. अनोळखी जागी ना त्याला बीळ ठाऊक, ना अन्न.

म्हणून वाचलेल्या पिल्लांच्या मोजणीत या खटाटोपाचं समर्थन शोधू नये. एका पिल्लासाठी रात्री जागलेल्या माणसाला कळतं, की ते पोरकं होणं टाळता आलं असतं. पुढच्या वेळी तो फांदी तोडण्याआधी घरटं पाहतो, पिल्लं उडी मारण्याइतकी मोठी होईपर्यंत छाटणी लांबवतो, धान्य झाकणाच्या डब्यात ठेवतो, पाइपाभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवतो. विषाचं पाकीट आणण्यापेक्षा याला कष्ट जास्त पडतात, पण उंदरांची संख्या टिकाऊपणे कमी होते ती अन्न आणि आडोसा बंद केल्यानेच. पोरक्या पिल्लाची काळजी आणि घर उंदीरमुक्त ठेवण्याची धडपड, दोन्ही शेवटी याच कामापाशी येतात.